ओळभर थांबणारी मोटार

भात रोवण्याच्या दिवसांत उमरटोल्यात घरी बसलेला माणूस सापडत नाही. म्हाताऱ्यासुद्धा पऱ्ह्याच्या रोपांच्या जुड्या बांधायला बांधीवर, खाचरात जातात. ब्याऐंशीच्या त्या पावसाळ्यात घरी राहिलेला एकच होता, सेवकराम. आणि त्याला घरी बसलेला म्हणावं, तर तो बसत नव्हता.

कुबडी आधी ओसरीवर वाजायची, मग घरामागच्या सांदवाडीत, मग विहिरीपाशी, मग पुन्हा ओसरीवर. चिखलात वाकलेल्या रुखमाला बांधीत तो आवाज ऐकू येत नसे, पण तिच्या पाठीला तो ठाऊक होता. नवरा आता कुठं असेल, हे तिची पाठ तिला सांगायची.

लग्न झाल्यापासून तिनं हा माणूस येता-जाताच पाहिला होता. रायपूर रोडवर तो ट्रक चालवायचा. यायचा, अंघोळ करायचा, जेवायचा, झोपायचा, की निघाला. गेल्या उन्हाळ्यात लाकडाच्या डेपोवर साखळी सुटली, सागाचा ओंडका घरंगळत आला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. दवाखान्यातून तो घरी आला तो कायमचा. रुखमानं ज्याची इतकी वाट पाहिली होती तो माणूस घरात आला होता, आणि घर त्याला तंग अंगरख्यासारखं काखेत काचत होतं.

सडक कोसभर लांब. वारा तिकडचा असला की ट्रकांची घरघर जेवणाच्या ताटापर्यंत यायची. सेवकरामचा घास हातातच राहायचा.

"दुसऱ्या गिअरवर चढून राहिला," तो म्हणायचा. "तिसरा टाक ना बे आता. टाक. हा, टाकला."

"तुमी भाजी वाढून घ्या जी," रुखमा म्हणायची.

बांधीत बायकांनी त्याच्यावर गाणं केलं. करणारी रुखमाची थोरली जाऊ, सुंदरबाई. तिच्या जिभेवर गाणं असं यायचं, जसं पाणथळ जागी गवत येतं. कोणी पेरावं लागत नाही.

*बांधीमंदी बाई, पऱ्हा रोवला रोवला,*
*एका पायाचा गडी, साऱ्या गावात धावला.*

पहिली ओळ सुंदरबाई म्हणायची, तोवर सगळ्यांचे हात जुडीतली रोपं सुटी करायचे. दुसरी ओळ सगळ्या जणी उचलायच्या आणि रोपं चिखलात जायची. रुखमाही म्हणायची. हसायचीही. गाण्यात आलेला माणूस आपला असला म्हणून हात थांबवून चालत नाही.

पोळ्याच्या सुमाराला साकोलीच्या राइस मिलचे मालक मधुकरराव स्वतः घरी आले. भला माणूस. सेवकराम त्यांचा तांदूळ कैक वेळा रायपूरला घेऊन गेला होता.

"फाटकावर मानूस पायजे मले," ते म्हणाले. "स्टूल देतो, वर टीन हाय सावलीले. आल्यागेल्या गाड्या पाह्याच्या. संक्रांतीपासून ये."

सेवकराम बराच वेळ कुबडीच्या टोकानं जमीन टोकरत राहिला.

"दुसऱ्याच्या गाड्या पाहू, मालक?"

"मंग काय करशीन, सांग."

"माही सोताची गाडी घेऊन, धान भरून, तुमच्या फाटकातून आत आलो तर?"

मधुकरराव हसले नाहीत. त्यांनी त्याच्या दुमडलेल्या धोतराकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "संक्रांतीच्या आत आलास, तर या साऱ्या टोल्यांचा धान मिलवर आनाचं काम तुलेच देईन. बैलाची खासरं तिथं येता येता दिवस मावळून जाते. नाई आलास, तर स्टूल तुहंच, दुसऱ्या कोनाले देत नाई मी."

ते गेल्यावर रुखमा म्हणाली, "स्टूल काय वाईट हाय जी? सावली हाय."

"सावलीत बैल बसतेत."

"बसतेत मनून तं उठल्यावर ओढतेत."

कुबडी विहिरीकडे गेली.

*

अड्याळला वासुदेवराव म्हणून तेंदूपत्त्याचे ठेकेदार होते. त्यांची जुनी अँबॅसिडर मोहाच्या झाडाखाली उभी होती. उभी म्हणजे पोटावर टेकलेली. इंजिन कधीच दुसऱ्या गाडीत गेलं होतं आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. सेवकराम एसटीनं तिथं गेला, कुबडी झाडाला टेकवली आणि पाठीवर सरपटत गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सचा दांडा हातानं फिरवत तो कान लावून पडून राहिला. एकेक गिअर टाकून पाहिला. आतले दात एकमेकांना न कुरकुरता भेटत होते.

"घेऊन जा," वासुदेवराव म्हणाले. "गिअरबॉक्स ने, मागची आस ने, स्टेअरिंग ने, चाकं ने. कोंबड्याची जागा तेवढी सोडून दे."

खासरात घालून सगळं उमरटोल्याला आलं. घरी पाणी उपसायचं डिझेलचं इंजिन होतं. मोडक्या खासराच्या सागाच्या दोन लांब उटी, तळाचे दांडे होते. या सगळ्याची मिळून गाडी करायची होती, आणि ती करायला साकोलीहून टेकचंद आला.

टेकचंद सेवकरामचा ट्रकच्या दिवसांपासूनचा दोस्त. सडकेच्या कडेला एक कडुनिंब, त्याच्याखाली एक खड्डा, हे त्याचं गॅरेज. त्यानं इंजिनाकडे पाहिलं, गिअरबॉक्सकडे पाहिलं, तंबाखू मळली.

"पंपाचं इंजिन, अन् अँबॅसिडरचा गिअर. रेड्याले घोडीचा लगाम लावतं म्हनतेस."

"लागते का नाई, ते सांग."

"लगाम लागते गा. रेडा काय मनंन, ते मी नाई सांगू शकत."

अडचण साधी होती आणि म्हणूनच तिच्याभोवती दोघं दिवसेंदिवस फिरत राहिले. मोटारीत इंजिन आणि गिअरबॉक्स तोंडाला तोंड लावून असतात, मधे क्लच. डाव्या पायानं क्लच दाबला की दोघं क्षणभर वेगळे होतात, तेवढ्यात हातानं गिअर बदलायचा. पंपाच्या इंजिनाला क्लच नव्हता. सेवकरामला डावा पाय नव्हता. टेकचंदनं हे एकदाच मोठ्यानं म्हटलं आणि पुन्हा तंबाखू मळायला घेतली.

उत्तर मिलमध्येच लटकत होतं. जुन्या लोखंडाची चौकशी करायला सेवकराम तिथं गेला, तेव्हा एक गडी धान सडायचा हलर बंद करत होता. वर लांब शाफ्ट फिरत होता. हलरवर शेजारी-शेजारी दोन पुल्या होत्या. एक हलरच्या दांड्याला पक्की बसवलेली, दुसरी मोकळी, नुसतीच फिरणारी. गड्यानं लाकडी दांड्यानं पट्टा पक्क्या पुलीवरून मोकळ्या पुलीवर सरकवला. वरचं सगळं तसंच फिरत राहिलं आणि हलर निवांत झाला. मग दांडा परत ओढला, पट्टा पक्क्या पुलीवर आला, हलर पुन्हा धान गिळू लागला.

सेवकराम फाटकातून बाहेर पडला तो जवळजवळ पळतच, थेट टेकचंदच्या कडुनिंबाखाली. "टेकचंद, पाय नाई लागत गा. काठी लागते."

मिलच्या भंगारातल्या जुन्या पुल्या आणि पट्टा मधुकररावांनी देऊन टाकला. गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्यावर दोन्ही पुल्या चढल्या. त्या दांड्याचं नाक मोटारीत इंजिनाच्या पोटात टेकलेलं असतं. इथं ते हवेत लोंबत होतं आणि पट्ट्याच्या ओढीनं मोडलं असतं. टेकचंदनं त्याच्यापुढे लोखंडी पाटी उभी केली, तिला भोक पाडलं आणि भंडाऱ्याच्या कासाराकडून पितळेची बुश ओतून आणून त्यात ते नाक टेकवलं. उजव्या पायाला ब्रेक, हाताशी गिअर, बाजूला पट्ट्याची काठी. आश्विन-कार्तिक या कामात गेला. धान कापून झाला, मळणी झाली, सांदवाडीत तणसीचा, पेंढ्याचा नवा ढीग उभा राहिला. सेवकराम आता कुबडीनं नाही, हातोडीनं वाजत होता. रात्री अंथरुणात त्याचा उजवा पाय नसलेल्या डाव्याला हुडकत हलायचा, आणि रुखमा जागीच असायची.

चूक झाली ती सवयीनं. मिलमध्ये हलरचा पट्टा नेहमी आढी मारून चढवतात, म्हणजे मधे फुली पडते. तसा चढवला की पट्टा पुलीला जास्त बिलगतो, ओझं आलं तरी घसरत नाही. टेकचंदचा बाप मिलमधलाच, सेवकराम मिलमध्येच लहानाचा मोठा झालेला. धानाच्या मुलखात पट्टा म्हटला की हात आपोआप आढी मारतात. दोघांनी आढी मारली, राळ लावली, मागं सरकून पाहिलं आणि समाधान पावले. आढी मारलेला पट्टा पुलीला उलटी फिरवतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. हलरला त्याचं काय, तो उभ्या जागी फिरतो.

मोटारीचं तोंड सडकेकडे करून ठेवलं होतं. टोल्यातली माणसं कुडाच्या बाहेर जमली. सेवकरामनं पहिला गिअर टाकला, काठी ओढली. मोटार थरथरली आणि शांतपणे मागं निघाली.

"मागचा गिअर पडला," तो म्हणाला. थांबवून त्यानं दुसरा टाकला. मोटार अधिक जोरात मागं गेली आणि अर्ध्या अंगानं तणसीच्या ढिगात शिरली. सेवकरामच्या डोक्यावर, खांद्यावर, मांडीवर तणस. इंजिन आत टुक-टुक करत होतं, ढिगाला उचकी लागल्यासारखं.

चार गिअर मागं जायचे होते आणि एकच पुढं.

कुडावरून सुंदरबाईचा आवाज आला.

*मोटार केली गं बाई, तोंड तिचं सडकेकडं,*
*निघाली साकोलीले, पोचली तणसीकडं.*

"वहिनी, बसा तुमी बी," सेवकराम ढिगातूनच म्हणाला. "येताना साकोली लागंन."

लोक हसत हसत पांगले. तोही हसला होता. पण रुखमानं त्याच्या मानेवरची तणस काढताना पाहिलं, की मान दगडासारखी झाली आहे.

आढी काढून पट्टा सरळ लावला, तर मोटार पुढं गेली खरी; पण धानाची पोती टाकताच पट्टा घसरू लागला. जळका वास यायचा आणि चाकं जागच्या जागी. आढी हवी होती आणि उलटी चाल नको होती. टेकचंद दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो सायकल न लावताच बोलू लागला.

"आस पालथी घाल."

"कोनती?"

"मागची. तिच्या गोल पेटीत दातेरी चाक हाय का नाई, ते आत्ता या बाजूनं फिरवून राहिलं." त्यानं उजव्या हाताचं बोट डाव्या तळव्याच्या एका कडेला घासलं, मग तळवा उलटून दुसऱ्या कडेला. "आस पालथी केली, का ते पल्याड जाते. चाकं उलटी फिरतीन. पट्ट्यानं उलटं केलं, आसेनं सुलटं केलं."

सेवकरामनं स्वतःच्या तळव्यावर बोट घासून पाहिलं. मग रुखमाच्या तळव्यावर. ती पीठ मळत होती. "हाताले पीठ हाय जी," ती म्हणाली, पण तळवा तिनं काढला नाही.

आस पालथी झाली. तेल घालायचं भोक खाली गेलं आणि ठिबकायला लागलं, ते बुजवून वर नवं पाडावं लागलं. मोटार पुढं चालली. पोत्यांसकट चालली. रिकाम्या बांध्यांमधून सेवकरामनं तिला गोल गोल फिरवली, आणि रुखमाला वाटलं, आता हा निजेल.

*

उमरटोल्याहून सडकेला जायची वाट तलावाच्या पारीवरून, मातीच्या बांधावरून जाते. पार उंच आणि अरुंद. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोल बांध्या, आणि मधे सांडव्यापाशी एक चढ. सपाट बांधीत सेवकराम एका हातानं काठी सरकवायचा, दुसऱ्यानं गिअर बदलायचा आणि तेवढा वेळ सुकाणूचं चाक सोडून द्यायचा. बांधीत चाक सोडलं तर काय होतं? काही नाही. पारीवर त्यानं चाक सोडलं, तेव्हा पुढचं डावं चाक पारीच्या बाहेर जाऊन पाण्यावर लटकलं.

सुंदरबाईचे बैल जुंपून मोटार मागं ओढली. या वेळी कोणी गाणं केलं नाही. सुंदरबाईनं नुसताच पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी कुबडी वाजली नाही. सेवकराम ओसरीवर बसला होता. सकाळी जिथं बसला तिथंच दुपारी. ट्रक गेले, त्यानं कोणताच गिअर सांगितला नाही. रुखमा दळण घेऊन आत-बाहेर करत राहिली. इतके महिने तिनं देवाला हेच मागितलं होतं, की हा माणूस एका जागी बसू दे. आता तो बसला होता आणि तिला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

"मधुकररावले निरोप धाडून देतो," तो म्हणाला. "संक्रांतीपासून येतो मनून."

ती सूप खाली ठेवून त्याच्यासमोर बसली.

"काठी कोनत्या हातानं धरता?"

"डाव्या."

"गिअर?"

"तो बी डाव्याच. मंग उजव्यानं काठी. मंग चाक सुटते."

"म्हंजे तीन हात पायजे."

"हो."

"माहे दोन रिकामे हायेत."

तो तिच्याकडे असा पाहू लागला, जणू ती परक्या भाषेत बोलली होती. "बाई मानूस गाडीवर? लोक काय मनतीन?"

"लोक गानं करतीन. आत्ता काय थांबले हायेत का?"

"मी चालवीन अन् तू हाकशीन, असं झालं ते."

"असं झालं तं होऊ द्या. तुमाले स्टुलावर बसलेलं रोज पाहू का मी, ते सांगा."

त्या संध्याकाळी ती मोटारीवर चढली. त्याच्या ट्रकमध्ये ती कधी बसली नव्हती. मालक बाईमाणूस बसू देत नसत. इतक्या वर्षांत तो ज्या जागेवरून जग बघत होता, तिच्या बाजूची जागा तिनं पहिल्यांदा पाहिली.

आणि काही जमलं नाही.

"सोड," तो म्हणायचा. ती पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवायची. तो तत्क्षणी गिअर ओढायचा आणि गिअरबॉक्स असा किंचाळायचा, की कुत्री पळायची. "धर" म्हणायचा तेव्हा तिचा हात अजून सोडण्यातच असायचा.

"उशीर करतेस तू."

"तुमी थांबतच नाई जी."

टेकचंदनं ऐकून घेतलं. "वहिनीचं खरं हाय. मोटारीत क्लच हलका असते. इथी लोखंडी पुली चढवली हाय आपन. पट्टा सोडला तरी दांडा आपल्या जोरानं फिरत राह्यते. तो निवला पायजे, मंग गिअर टाक."

"किती वेळ?"

"मनात काही तरी मोज."

सेवकरामच्या मनात मोजणं टिकत नव्हतं. त्याचं मन ट्रकसारखं पुढंच पळायचं, दोनाच्या पुढं थेट पाच. ते बांधीत आणखी चार फेऱ्या किंचाळत फिरले. पाचव्या फेरीत रुखमा त्याच्यावर चिडून गप्प झाली, आणि हात कामात असताना गप्प राहायची तिला सवय नव्हती. काठी ढकलता ढकलता तिच्या तोंडून रोवण्याची ओळ निघाली. *बांधीमंदी बाई, पऱ्हा रोवला रोवला.* ओळ चालू होती तोवर त्याला गिअर टाकता येईना. ओळीच्या मधे कोणी हात घालत नाही. ती संपली, त्यानं टाकला. गिअर न बोलता बसला. दुसऱ्या ओळीवर तिनं काठी ओढली आणि मोटार पुढं झाली, कोणी हळूच पाठीला हात लावल्यासारखी.

बांधीच्या टोकाला त्यानं मोटार वळवली.

"तेच गानं काहून?" त्यानं विचारलं.

"दुसरं सांगा. दुसरं म्हनते."

"नाई," तो म्हणाला. "त्याची लांबी बरी हाय."

*

संक्रांतीच्या आधी, पौषातल्या एका सकाळी त्यांनी घरच्या धानाची पोती लादली. धुकं तलावावरून उठून पारीवर आलं होतं आणि पोत्यांवर बसत होतं. टोल्यातली माणसं कुडापाशी होती, पण लांब. टेकचंद सायकल घेऊन मागं चालत निघाला, चाकामागं लावायला एक दगड हातात घेऊन.

पारीवर मोटार दुसऱ्या गिअरमध्ये चढली. रुखमाच्या बाजूला पाणी होतं. शिंगाड्याची पानं इतकी जवळ, की हात लांबवला तर लागली असती. सांडव्याचा चढ आला तसं इंजिन जड झालं, धापा टाकू लागलं. दोन टुकांच्या मधे अंतर पडू लागलं.

"आता," सेवकराम म्हणाला. पहिला टाकायला हवा होता.

तिनं पट्टा सोडला. *बांधीमंदी बाई, पऱ्हा रोवला रोवला.* ओळ झाली, गिअर बसला. आणि मोटार, मधल्या त्या क्षणात कोणीच धरलेली नव्हती म्हणून, बोटभर मागं सरकली. रुखमानं खाली पाहिलं. पाणी, आणि पाण्यात तिच्याच लुगड्याची सावली. दुसरी ओळ निघालीच नाही. हात काठीवर होते, पण हातांना ओळीशिवाय हलणं माहीत नव्हतं.

सेवकरामचा पाय ब्रेकवर होता, आणि ब्रेक इतक्या ओझ्याला पुरत नव्हता. चाक आणखी सरकलं. मागून टेकचंद धावत येत असल्याचा आवाज आला. पूर्वीचा सेवकराम असता तर हिसका मारून काठी स्वतःच ओढली असती, आणि चाक सुटलं असतं. त्याचे दोन्ही हात चाकावर राहिले. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. नाकासमोर बघत, ट्रकमधल्या घोगऱ्या, कधी गाणं न म्हटलेल्या आवाजात तो म्हणाला,

"एका पायाचा गडी, साऱ्या गावात धावला."

रुखमाच्या हातांनी काठी ओढली. पट्टा सरकला, बिलगला. मोटार एकदा थबकली आणि चढाला लागली.

सांडवा मागं पडल्यावर ती म्हणाली, "बेसूर हाय तुमचं."

"लांबी बरोबर होती का नाई?"

"लांबी बरोबर होती."

सडकेवर आल्यावर ट्रक भोंगे वाजवत बाजूनं गेले. एका ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून ओरडून विचारलं, की उस्ताद, हे कोणत्या कंपनीचं. सेवकरामनं हात वर केला फक्त. चौथा गिअर टाकला तेव्हा मोटार बैलाच्या धावेपेक्षा थोडी जास्त धावत होती, आणि त्याच्या जबड्याच्या बाजूची एक शीर, जी डेपोवरच्या त्या दिवसापासून उडत असायची, उडायची थांबली होती.

मिलच्या फाटकात मोटार शिरली तेव्हा मधुकरराव ओट्यावर होते. ते खाली उतरले. मोटारीभोवती एक फेरी मारली, आढी मारलेल्या पट्ट्यापाशी वाकले, पालथ्या आसेपाशी जास्तच वाकले. मग सरळ होऊन रुखमाकडे पाहिलं. ती अजून काठी धरूनच बसली होती.

"अन् या कोन? क्लीनर का?"

"डावा पाय, मालक," सेवकराम म्हणाला.

"पायाले उपाशी ठेवू नका," रुखमा म्हणाली. "चहा सांगा."

मधुकररावांनी चहा सांगितला. शेवटचं पोतं गेल्यावर एवढंच म्हणाले, "सोमवारी उमरटोल्यापासून सुरू कर. फाटकासाठी मी दुसरा मानूस पाहतो." मग रुखमाकडेही बघत, "पन दोघं या. एकट्याले नाई देत मी हे काम. त्या पारीवरून तं अजिबात नाई."

सेवकरामची मान क्षणभर ताठ झाली. एकट्याचा रस्ता त्यानं जन्मभर चालवला होता. तो रस्ता आता नव्हता, हे मधुकररावांनी नव्हे, पारीनंच सकाळी सांगितलं होतं. त्यानं मान हलवली. "दोघं येऊ."

परतताना मोटार रिकामी होती आणि हलकी. उमरटोल्याचा फाटा आला. धुकं गेलं होतं, सडक समोर उघडी पडली होती, दोन्ही कडांना सागाची झाडं आणि मधे काळी सरळ रेघ. सेवकरामनं वळण्यासाठी वेग कमी केला.

"सोड," तो म्हणाला.

रुखमानं पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला आणि समोर बघत राहिली. ओळ म्हटली नाही.

"रुखमा. गिअर टाकाचा हाय."

"हे पुढं कोनतं गाव लागते जी?"

"सौंदड."

"तिथी काय हाय?"

इतक्या वेळा तो तिथून गेला होता. "काई नाई. चहाची टपरी. नदीवर पूल हाय."

"पूल कसा हाय?"

"पुलासारखा पूल. काहून?"

इंजिन टुक-टुक करत होतं. घरी गोठ्यात गाय बांधलेली होती, धान वाळत घातला होता, सुंदरबाई वाट पाहत असणार होती. रुखमाला हे सगळं ठाऊक होतं. तिचे पाय फळीवर नुसते टेकत नव्हते, हलत होते.

"तुमी रोज पाह्यला," ती म्हणाली. "मी नाई पाह्यला."

"डिझेल थोडकं हाय वो. येता येता सांज होईन. सोमवारी पाहू, नाई तं..."

पण ओळ सुरू झाली होती, आणि ती संपल्यावर गिअर टाकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. त्यानं तो टाकला. चाक अजून फाट्याकडे वळलेलं होतं. काठी ओढली गेली, पट्टा पक्क्या पुलीवर आला, आणि सेवकरामनं घाईघाईनं चाक सडकेवर, सौंदडच्या बाजूला सरळ केलं.